उपरण्याचे काठ

आषाढातल्या एका रात्री खिडकीची कडी नीट लागली नव्हती, एवढंच निमित्त झालं. सकाळी टेबलावर तळं आणि तळ्यात माझा लॅपटॉप. तांदळाच्या डब्यात पुरणं, पंख्याखाली पालथा घालणं, सगळे घरगुती उपाय करून झाले आणि मग तो दुरुस्तीवाल्याकडे गेला. "पार्ट मागवलाय मॅडम, चार दिवसांत होऊन जाईल." हे चार दिवस पुढे सात आठवडे चालले. एरवी मी थांबलेही असते. पण मी प्रुफं वाचते, आणि आषाढ सरला की आमचा हंगाम सुरू होतो. दिवाळी अंकांची पानं एकामागून एक येऊन पडायला लागतात. नवा लॅपटॉप घ्यायचे पैसे हंगामानंतर येतात, आधी नाही. उरला हातातला फोन.

हा फोन तीन वर्षं माझ्याकडे होता आणि त्याचं मला काडीचं अप्रूप नव्हतं. रात्री पाठ टेकली की तो जे समोर टाकेल ते बघायचं, डोळे मिटायला लागले की उशाशी ठेवायचा. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू व्हायचं. कितीदा तर सकाळी आठवायचंही नाही, आपण काल काय पाहिलं ते.

पहिला आठवडा नुसता चिडण्यात गेला. छापील पान साडेसहा इंचांत मावत नाही. मोठं करावं तर ओळीच्या शेवटाकडे जाताना पान सरकतं आणि परत येताना मी भलत्याच ओळीवर उतरते. शेवटी भाच्याला दया आली. "मावशी, स्क्रीनचे दोन भाग कर ना," म्हणाला आणि करून दाखवले. वर प्रूफ, खाली ब्राउझर. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१६पासून आहे. ही सोय आणि मी, आम्ही दोघी इतकी वर्षं एका घरात राहून एकमेकींशी बोललो नव्हतो.

खालच्या अर्ध्या भागात मी शब्दकोश उघडून ठेवायला लागले. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती, आख्खा आहे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच. हे मला आधीही ठाऊक होतं, पण दर वेळी शोधून, दुवा पकडून, पान उघडून जायचं म्हणजे कंटाळा. ब्राउझरच्या मेनूत 'होम स्क्रीनवर जोडा' असं काहीतरी असतं, ते एकदा दाबलं. आता मोल्सवर्थसाहेब फोनच्या पहिल्याच पानावर, व्हॉट्सॅपच्या शेजारी बसलेत. लेखकाने 'पागोळ्या' लिहिलंय की 'पाघोळ्या', आणि मुळात कुठल्या गावचा लेखक आहे, हे भांडण आता स्वयंपाकघरात कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे मिटतं.

फोनवर पान वाचताना एक गंमत मला फार उशिरा कळली. एका मासिकाच्या संकेतस्थळावर एक जुना लेख शोधत होते. शीर्षकात 'दुसऱ्या' हा शब्द असल्याचं पक्कं आठवत होतं. शोधाच्या चौकटीत टाइप केलं, उत्तर: काही सापडलं नाही. लेख तर तिथे होता, अनुक्रमणिकेत दिसत होता. तोच शब्द तिथून उचलून चौकटीत डकवला, लगेच सापडला. दोन्ही शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखे, भिंग लावून पाहिलं तरी फरक नाही. फरक पोटात. 'ऱ्या'मधला तो आडवा र दोन तऱ्हांनी काढता येतो: एकीत नुक्ता असलेलं 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडतात, दुसरीत साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. एका कळफलकाने पहिली तऱ्हा वापरली, दुसऱ्याने दुसरी, आणि यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द झाले. उभी हयात ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात गेली आणि दिसत नाहीत अशाही चुका असतात हे तेव्हा कळलं. तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय: 'ऱ्या' असलेला शब्द शोधात टाकायचाच नाही, वाक्यातला दुसरा एखादा शब्द टाकायचा. तसंच युनिकोड, म्हणजे अक्षरांचे सगळ्या यंत्रांवर सारखे क्रमांक, येण्याआधीच्या फॉन्टांतल्या पीडीएफचं. दिसायला सुरेख मराठी, कॉपी केली की रोमन अक्षरांचा चिवडा. तिथे पानाचा फोटो काढून गूगल लेन्सकडून अक्षरं वाचून घेते. चुका करतं ते, पण चुका काढणं हाच माझा धंदा आहे.

टॅब ही मात्र माझी दुखरी जागा. क्रोममध्ये उघड्या टॅबांचा आकडा एका चौकोनात दिसतो. तो नव्याण्णवपर्यंत वाढत गेला आणि एके दिवशी आकडाच गेला. त्याच्या जागी अपूर्णविराम आणि पुढे रोमन 'डी'. मला वाटलं फोन बिघडला, मुद्रणदोष आहे. मान वाकडी करून पाहिलं तेव्हा कळलं की तो हसणारा चेहरा आहे. नव्याण्णवच्या पुढे ब्राउझर मोजणं सोडतो आणि हसतो. एका रविवारी बसून सगळे टॅब पाहिले. अळूच्या फदफद्याच्या चार पाककृती, एका औषधाचे दुष्परिणाम (हे औषध बाबांना होतं, बाबा जाऊनही आता दोन वर्षं झाली), आणि 'नंतर वाचू' म्हणून ठेवलेले लेख, ज्यांतला एकही नंतर वाचला नव्हता. औषधाचा टॅब बंद करायला हात धजेना. तो एक ठेवून बाकीचे मिटले.

लेख वाचायचे असतील तर टॅबपेक्षा वाचन-दृश्य बरं. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या चौकटीत एक लहानसं पानाचं चिन्ह येतं, ते दाबलं की वर-खाली उड्या मारणाऱ्या जाहिराती, 'हेही वाचा'ची रांग, सगळं गळून पडतं आणि नुसता मजकूर उरतो. अक्षर मोठं करा, पार्श्वभूमी पिवळसर करा. मला ते पाहून एकदम २०१०च्या आसपासचा माझा बटणांचा फोन आठवला. तेव्हा मराठी ब्लॉग जोरात होते आणि माझ्या फोनला देवनागरी येत नव्हती, नुसते रिकामे चौकोन दिसायचे. कोणीतरी युक्ती सांगितली: ओपेरा मिनीच्या पत्त्याच्या चौकटीत 'ओपेरा', मग अपूर्णविराम, मग 'कॉन्फिग' असं टाइप करायचं, आणि येणाऱ्या यादीत अगदी खाली 'कॉम्प्लेक्स' लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचे का, असा प्रश्न असतो, तिथे 'हो' म्हणायचं. केलं. चौकोनांच्या जागी मराठी उमटली, जराशी खडबडीत, कारण ती अक्षरं नव्हतीच, अक्षरांची चित्रं होती. ओपेरा मिनी पान आधी आपल्या सर्व्हरवर उघडायचा, दूध आटवावं तसं आटवायचा आणि मग फोनकडे पाठवायचा. त्या सर्व्हरवर आपली लिपी चित्र होऊन यायची. बाराखडी बसायला फार तर एक वर्ष लागतं, तिला 'कॉम्प्लेक्स' म्हणतात याचा मला तेव्हा राग आला होता. पण त्या खडबडीत चित्रांतून मी रात्र रात्र जागून जे वाचलं, तसं वाचन पुढे चांगल्या फोनवर झालं नाही, हेही खरं.

श्रावणात आठ दिवस आईकडे गेले. काम फोनवरच होतं, मग ते रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत बसून का करू नये? मांडवी एक्सप्रेसने निघाले. गाडीत शेजारच्या बाईंचा फोन कानाला लावल्यासारखा जोरात चालू, मालिकेचा भाग. कोकण रेल्वेवर नेटवर्क म्हणजे पावसाळ्यातलं ऊन. मोठा बोगदा आला की चित्र थिजायचं, बाईंचा चेहराही थिजायचा, बाहेर आलो की दोन्ही हलायचे. व्हिडिओ आपल्याकडे सलग येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाचा करून ठेवलेला असतो, आणि फोन नेटचा वेग बघून पुढचा तुकडा कुठला मागवायचा ते ठरवतो. थोडे तुकडे पुढचे घेऊन ठेवतो. छोटे बोगदे त्या साठ्यावर निभावतात. पण उक्षी आणि भोकेच्या मधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे कुठला साठा पुरणार? मालिकेतल्या सूनबाई हातात ताट घेऊन काळोखात चार-पाच मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. मी मात्र निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर दोन व्याख्यानं उतरवून घेतली होती. यूट्यूबने भारतात ही सोय २०१४च्या डिसेंबरात दिली, तेव्हा ती मुळी आपल्याकडच्या नेटची कुवत ओळखूनच दिली होती. बाई करबुड्यात माझ्या फोनकडे असूयेने बघत होत्या, हे मी लक्षात न आल्यासारखं केलं. भोके आल्यावर त्यांना ते बाणाचं चिन्ह दाखवलं. त्यांनी मला तांदळाची बोरं दिली.

आईच्या घरात नेट फक्त पडवीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात येतं. तिथून समोरच्या सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या माळावरचा, टॉवर थेट दिसतो. तिथे मात्र धो धो येतं. आईने त्या कोपऱ्यात एक स्टूल ठेवलंय, स्टुलावर स्टीलचा पेला, पेल्यात फोन उभा. तळाचा स्पीकर पेल्यात गेला की आवाज घुमतो आणि मोठा होतो, चित्र वर मोकळं राहतं. ही युक्ती तिची तिने काढलेली. पहाटे पाचला उठून, चूल नव्हे पण गॅस पेटवून, ती नारदीय कीर्तन लावते आणि ओसरी झाडते. तक्रार एकच: "अगो, दहा वाजले की हे मरतं. मग दिवसभर नुसतं गोल फिरत राहतं."

रोजचा दीड जीबी. मध्यरात्री नवा मिळतो, तो ती पहाटे पाचला फोडते आणि दहाच्या आत संपवते. मग वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. हा आकडा मला कधी कळत नसे, म्हणून एकदा पाटीवर मांडल्यासारखा मांडला: ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, म्हणजे १ एमबीला दोन मिनिटांवर. हल्लीचं बातम्यांचं एक पान ३ एमबीचं असलं तर ते उघडायला सहा मिनिटं. व्हिडिओचं नावच नको. २०१६च्या सप्टेंबरात जिओ येण्याआधी महिन्याभराच्या एका जीबीला अडीचशे रुपयांच्या घरात पैसे पडायचे आणि आम्ही एमबी मोजून वापरायचो. आता एवढं मिळतं की मोजायची सवयच मोडली. आईची तर कधी लागलीच नव्हती.

फोन उघडून पाहिला. कोण्या हौशी नातेवाइकाने यूट्यूबमध्ये 'चित्राचा दर्जा जास्त' असं कायमचं करून ठेवलं होतं. कीर्तन १०८० पीवर चालू. हा 'पी'वरचा आकडा म्हणजे चित्राच्या उंचीतल्या रेघा. १०८०ला एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. १४४ला ३६ हजार ८६४. छप्पनपट फरक. डेटा अगदी छप्पनपट लागत नाही, पण ढोबळमानाने १४४ला तासाला शंभर एमबीच्या आतबाहेर जातात आणि १०८०ला त्याच्या कितीतरी पट. बुवा एका जागी उभे, मागे तोच पडदा, शेजारी पेटी आणि तबला. मी १४४ केलं आणि विजयी मुद्रेने फोन पेल्यात ठेवला.

आई केरसुणी हातात घेऊन आली, वाकून बघितलं. "काय केलंस तू याला?"

"आवाज तोच आहे ना?"

"आवाज तोच आहे. पण मघाशी बुवांच्या उपरण्याचे काठ दिसत होते. आता नुसतं पांढरं."

खरंच होतं. चित्र आटवताना सगळ्यात आधी बारीक रेघ जाते: उपरण्याचा काठ, साडीचं पोत, पडद्यावरचं बारीक अक्षर. चेहरा ओळखू येतो, हार्मोनियमवरची बोटं ओळखू येतात, काठ जातो. मला स्वतःला हे आधी कळायला हवं होतं. लॅपटॉप गेल्यावर फोनवर एका सॉफ्टवेअरचे धडे बघत होते तेव्हा १४४वर मेनूतलं एक अक्षर लागेना, मुकाट ७२० केलं होतं. उलट व्याख्यानाला १४४ पुरून उरतं. आईच्या मैत्रिणीने पाठवलेला क्रोशाच्या टाक्याचा व्हिडिओ १४४वर बघणं म्हणजे धुक्यात सुईत दोरा ओवणं. कुठे काय बघायचंय त्याच्यावर आहे, आणि नेमकं हेच फोनला कळत नाही. तो फक्त नेटचा वेग बघतो. नेट धो धो असेल तर ओसरी झाडणाऱ्या बाईलाही तो काठ पाठवत राहतो, आणि त्याच्यासाठी तिचा सगळा दिवस खर्चून टाकतो. फोनकडून जास्त काम करून घ्यायचं तर आधी त्याने परस्पर घेतलेले असे चार-दोन निर्णय त्याच्या हातून काढून घ्यावे लागतात. मी तिला दर्जा बदलायची जागा दाखवली: चित्रावर बोट, कोपऱ्यातलं चक्र, 'क्वालिटी', 'अ‍ॅडव्हान्स्ड', मग आकडा. निवडलेला आकडा त्या एका व्हिडिओपुरताच राहतो, दुसरा लावला की परत करावा लागतो. तिने ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधल्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं. आपोआप पुढचं लागणारं बटणही बंद केलं, कारण कीर्तन संपल्यावर ती विहिरीवर जायची आणि फोन रिकाम्या पडवीला तासभर काहीबाही दाखवत बसायचा.

दुसऱ्या दिवशी नवंच. फोनवर लाल अक्षरांत: 'तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडले.' आई घाबरलेली. "मला वाटलंच होतं. हाताला गरम लागतो तो." गरम लागत होता कारण तो चार्जरला लावून, उजेड पूर्ण वाढवून, उन्हाच्या तिरिपेत चालू होता. व्हायरसची बातमी मात्र आली होती ब्राउझरमधून. कधीतरी राशिभविष्य उघडताना 'परवानगी द्या' असं विचारलं गेलं, आईने दिली. तिला कोणी परवानगी मागितली की ती देते, आयुष्यभर देत आली. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, तिथे नोटिफिकेशन, आणि तिथे परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी. सव्वीस निघाली. सव्वीसच्या सव्वीस बंद केली, पुढे कोणी विचारूही नये असं केलं. संध्याकाळी आई म्हणाली, "आज कोणाचं काही आलं नाही गो." मला क्षणभर वाईटच वाटलं.

वेगाच्या बाबतीत मात्र आमचं जमलं नाही. मी व्याख्यानं दीडपट वेगाने ऐकते. आवाज चिरका होत नाही, पट्टी तीच राहते, फक्त माणूस घाईत असल्यासारखा बोलतो. बहुतेक वक्ते मुळात इतके सावकाश बोलतात की दीडपटीवर ते माणसात येतात, असं माझं मत आहे. हौसेने आईच्या बुवांना दीडपट करून दाखवलं. पूर्वरंगातलं निरूपण चाललं होतं तोवर ती गप्प राहिली. मधेच अभंग सुरू झाला आणि तबला असा काही सुटला की ती केरसुणी टाकून आली. "बुवांना काय गाडी पकडायचीय?" मी मुकाट्याने पूर्ववत केलं. गाण्याला वेग लावायचा नाही, हे मान्य. पण निरूपणाला लावायला काय हरकत होती ते मला अजून कळलेलं नाही.

भाद्रपदात लॅपटॉप परत आला, बिलासकट. टेबल, दिवा, मोठा पडदा सगळं जागेवर बसलं. तरी पहिलं वाचन मी अजून फोनवरच करते. मजकूर अरुंद रकान्यात उतरवून घेतला की ओळी भलत्या ठिकाणी तुटतात, डोळ्याला पुढचा शब्द आधीच कळत नाही, आणि मोठ्या पानावर तीनदा वाचून सुटलेली 'आणि आणि' अशी दुरुक्ती चटकन हाताला लागते. औषधाचा तो टॅब अजून उघडा आहे.

परवा सकाळी साडेअकराला आईचा फोन आला. म्हटलं काय झालं, या वेळी ती कधी करत नाही.

"अजून अर्ध्याहून जास्त नेट शिल्लक आहे," म्हणाली. "आणि उपरण्याचे काठपण दिसले."

"ते कसं?"

"बुवा उभे राहिले की पहिली दोन मिनिटं मोठं करते. उपरणं कुठलं, पगडी कुठली, साथीला कोण आहे, सगळं बघून घेते. मग बारीक करते आणि झाडायला लागते. दोन तास तेच उपरणं असतं ना गो त्यांच्या खांद्यावर."